मांडीवरची बंदूक

आबा, खंडेनवमी चार दिवसांवर आलीय, दुकानात अकरा बंदुका भिंतीला टेकून उभ्या आहेत, आणि मी काम बाजूला सारून तुम्हाला लिहायला बसलेय. माया दाटून आली म्हणून नाही. राग आलाय म्हणून. तो आजचा नाही, सव्वीस वर्षांचा आहे, पण परवापर्यंत मी तो दाबून ठेवला होता. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणू देत. मेलेल्या माणसानं मागं काय काय ठेवून जाऊ नये, हेही कुणीतरी तुम्हाला वेळेत सांगायला पाहिजे होतं.

दुकान तसंच आहे. तेच कुरकुरणारं शटर, तोच बाक, आणि मागच्या दारापलीकडे आपलं राहतं घर. खंडेनवमीला घरातल्या हत्याराची पूजा करायची म्हणून आधीच्या पंधरवड्यात पन्हाळ्याखालच्या वाड्यावस्त्यांवरनं, पार वारणेकाठावरनं लोक बंदुका घेऊन येतात. बहुतेक ठासणीच्या, रानडुकरं हाकलायला आज्यानं परवाना काढलेल्या. पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं तर नळीला गंज कसा चालेल? डोळ्यापुढं तुमचा काळ येतो: आजच्यासारखीच रांग लागलेली असते, आणि तुम्ही पोतं अंथरून भिंतीला पाठ लावून बसलेले असता, एक पाय लांब करून. बंदूक मांडीवर आडवी. दस्ता काखेत, नळी डाव्या हातावर, बाळंतिणीनं पोर घ्यावं तशी. समोर बाकाला वाईस बसवलेला आहे, दोन लोखंडी जबड्यांचा, मूठ फिरवली की हत्तीलाही धरून ठेवील असा. त्यात तुम्ही पत्रा धरता, स्क्रू धरता, शेजारच्याच्या सायकलचं पायडल धरता. बंदूक कधी नाही. "शिकंज्यात चोराला घालत्यात," तुम्ही म्हणायचा, "हत्यार मांडीवर घ्यायचं असतंय." गिऱ्हाइकं माना डोलवायची. आपल्या आज्याच्या बंदुकीला हा माणूस लेकरासारखं वागवतोय म्हटल्यावर त्यांची छाती फुगायची. तुम्हालाही ते माहीत होतं, आबा. थोडं नाटक होतं त्यात. आता बोलायचंच आहे तर सगळं बोलते.

पण कसब होतं, ते नाकारत नाही. मला सगळं तुम्हीच शिकवलंत. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडातून घालून गजानं ठासतात, त्यामुळं ती भरलेली आहे की रिकामी हे मागून बघून कळत नाही. म्हणून बंदूक हातात आली की पहिलं काम, लोखंडी गज नळीत सोडायचा. तळाला लागून ठण्ण वाजला तर रिकामी. धप्प वाजला तर आत माल आहे. मी बारा-तेरा वर्षांची असताना तुम्ही माझे डोळे फडक्यानं बांधून सात बंदुका ओळखायला लावल्या होत्या. एकीत तुम्ही मुद्दाम नुसता कापडाचा बोळा ठासून ठेवला होता. तीच माझी चुकली. तुम्ही डोक्यात टपली मारून म्हणालात, "डोळ्यावर इस्वास ठेवू नगं, माणसावर तर अजिबात न्हाय. गजाला इचार." ही अक्कल तुमची, आबा. माझी नव्हे. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढं मी आयटीआयला फिटरला गेले. वर्गात एकटी मुलगी. तुम्ही पेठेत सांगत फिरलात, आणि निकाल लागला त्या दिवशी मला कानशींचा एक संच आणून दिलात, कोऱ्या फडक्यात गुंडाळलेला. तो अजून वापरते. त्याच कानशींनी मी पहिली वस्तू केली ती म्हणजे बंदूक साफ करायचा स्टँड. बाभळीच्या लाकडाचे दोन बेचके, एकात नळी, एकात दस्ता, आतून घोंगडीचा तुकडा लावलेला. वाईसच्या जबड्यांनाही चप्पल गल्लीतनं जाड कातड्याचे तुकडे आणून चिकटवले, म्हणजे लोखंडाचा वण नळीवर उठायला नको. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे स्टँडचं तोंड मी मागच्या भिंतीकडं केलं आणि तिथं वाळूची दोन पोती रचली. बंदूक कितीही रिकामी असली तरी तिचं तोंड एकाच दिशेला, वाळूकडं. मांडीवरच्या बंदुकीचं तोंड कुठंही फिरतं. तुम्ही बैठक बदलली की तेही बदलतं. हे मी तुम्हाला दहादा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

खरं कारण मी तुम्हाला तेव्हा बोलले नव्हते. तुमचे हात थरथरायला लागले होते. चहाची बशी वाजायची. तेलाचा थेंब नेमका भोकात पडायचा बंद झाला होता. मला वाटलं, हात कापतात असं तोंडावर म्हणण्यापेक्षा स्टँड करून द्यावा, बापाचा मान राहील आणि कामही होईल. तुम्ही स्टँड उचललात, उलटा करून बघितलात, गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "झ्याक केलाय. छत्री ठेवायला कामाला ईल." आणि खरंच छत्री ठेवलीत. सगळे हसले. मीही हसले, काय करणार? आठवडाभर तो स्टँड कोपऱ्यात तुमची छत्री सांभाळत उभा होता.

मग तो दिवस आला. सकाळी एक बडे बागायतदार आले होते. नाव घेत नाही, त्यांची नातवंडं चांगली आहेत. गाडीतून उतरले, बंदूक तुमच्या हातात दिली, म्हणाले, "गड्या, तेवढं चारपर्यंत दे. रिकामीच हाय." तुम्ही पोत्यावर बसलात. ती घेतलीत मांडीवर. ते समोर खुर्चीत बसले, पाय हलवत. एवढ्या मोठ्या माणसानं रिकामी आहे म्हटल्यावर त्यांच्या देखत गज सोडायचा म्हणजे ‘मालक, तुमचा शब्द मला पटला नाही’ असं म्हणण्यासारखं, हेच ना? भीड भिकेची बहीण, आबा. तुमची ती भीड! एरवी गल्लीतल्या कुणाच्या बापाला न भिणारे तुम्ही, गाडीतून उतरलेल्या माणसापुढं तुमची जीभ टाळ्याला चिकटायची. ते चहा नको म्हणून उठून गेले, तरीही तुम्ही गज सोडला नाही. घोडा जिथं आपटतो तिथलं बारीक भोक तेलानं तुंबतं, म्हणून साफ करायच्या आधी त्यावर एक टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी तांब्याची बारीक वाटी, लावून उडवायची आणि भोक मोकळं करायचं, ही तुमची रोजची पद्धत. रिकाम्या बंदुकीत टोपी नुसती टिकलीसारखी वाजते. तुम्ही टोपी बसवलीत, घोडा ओढलात, आणि बंदुकीचं तोंड मागच्या दाराकडं होतं. दाराचा पडदा सारून आई तुमचा चहा घेऊन येत होती.

मला तो आवाज आठवत नाही, धूर आठवतो. काळ्या दारूचा धूर एवढा असतो की स्वतःचा हात दिसत नाही. त्यातनं आईचा आवाज आला, "अगं बाई, कप फुटला." पहिलं हेच बोलली ती. मग खाली बसली. उजव्या गुडघ्यातनं रक्त नुसतं वाहत होतं. मी ओढणीनं बांधलं, समोरच्या काकूंनी रिक्षा थांबवली, आम्ही दोघी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. तुम्ही आला नाहीत. म्हणालात, पोलीस येतील, दुकान उघडं टाकून कसं येऊ. मला ते पटलं सुद्धा. तुम्ही घाबरलाय, पांढरेफटक पडलाय, असं वाटून मला तुमची दया आली. दया! डॉक्टरांनी जीव वाचला म्हणून सांगितलं, पण गुडघा आता वाकायचा नाही म्हणाले. तिन्हीसांजेला मी कपडे न्यायला परत आले.

आणि बघते तर माझा स्टँड बाकाजवळ जमिनीवर पडलेला. एक बेचका मोडलेला. छत्री खुंटीला टांगलेली. हवालदार टेबलावर लिहून घेत होते आणि तुम्ही सांगत होता, की मालकानं बंदूक ठासलेली आहे म्हणून बजावलं होतं, आम्ही ती रिकामी करायला स्टँडवर लावली, पोरीनं नवीनच केला होता तो, बेचका मोडला, बंदूक घसरली आणि उडाली. हवालदार माझ्याकडं वळले. "स्टँड तुमीच केला का?" मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. मी व्हय म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. केला मीच होता.

बागायतदार वाचले, परवाना वाचला, दुकान वाचलं, तुमचं नाव वाचलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. मी बोलले नाही, कारण दुकान गेलं तर आईचं दवाखान्याचं कसं करायचं हे मलाही कळत होतं. पण बेचका मोडलेला होता, आबा. बाभळीचं लाकूड. ते काही आपोआप मोडत नाही. त्याच्यावर पाय देऊन जोर लावायला लागतो. आई दवाखान्यात कळवळत होती आणि तुम्ही इथं शटर अर्धं खाली ओढून माझा स्टँड मोडत होता. हे चित्र मी सव्वीस वर्षं रोज बघतेय. खोटं बोललात ते एकवेळ भीतीनं म्हणेन. मोडलात तो कशानं?

पेठेत व्हायचं ते झालं. "पोरीनं आईचा पाय घालवला," हे मी किराणा दुकानात ऐकलं, हळदीकुंकवाला ऐकलं, बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं. ते सगळं मी पचवलं असतं. आईचं नाही पचलं. आईनं काही बघितलंच नव्हतं, पडदा आणि धूर, बस्स. तुम्ही सांगितलंत ते तिनं खरं धरलं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं मला जवळ बसवलं, केसांवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगंस. तू काय मुद्दाम केलंस व्हय? माझ्या मनात काय न्हाय बघ." तुम्ही तिथंच पानाला चुना लावत बसला होता. आई मला माफ करत होती आणि तुम्ही सुपारी कातरत होता. त्या क्षणी जरी तोंड उघडलं असतंत तरी मी तुम्हाला सगळं सोडून दिलं असतं. तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात.

नंतर तुम्ही गिऱ्हाइकांना म्हणायला लागलात, "लेकीला इचारा, तिला माझ्यापरास कळतंय." परवान्यावर माझं नाव लावून घेतलंत. अवघड काम आलं की उठून मला जागा द्यायचा. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा, एवढं होऊनसुद्धा लेकीला पुढं करतोय. माफी मागायच्या ऐवजी तुम्ही मला दुकान दिलंत. मी घेतलं. मग एक दिवस जेवता जेवता छातीत कळ आली आणि तुम्ही सुटलात. तेराव्यानंतर मी नवा स्टँड केला, तसाच, बाभळीचा, वाळूकडं तोंड केलेला. आई दारात काठी टेकून उभी होती. "परत त्येच?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती दुकानात येऊन बसते, पण स्टँडपुढून कधी जात नाही. तो ताठ गुडघा ओढत, बाकाला वळसा घालून, लांबून खुर्चीपाशी येते. तिला मी काय सांगणार होते? ही बंदुकीला धरून ठेवायचीच वस्तू आहे, हिनं तुला काही केलेलं नाही? तुमचा हार घातलेला फोटो समोर, आणि मी तोंड शिवलेली.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले, पन्हाळ्याकडचे. जुनं गिऱ्हाईक. मी त्यांची बंदूक घेतली, गज सोडला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पडू दे. ठण्ण वाजला, मग मी ती स्टँडवर लावायला गेले तर ते हात आडवा घालून म्हणाले, "न्हाय न्हाय बाई, त्यात नगं. तुमचं वडील मांडीवर घ्यायचं. देवमाणूस. ह्या असल्या यंत्रापायीच तुमच्या आईचा पाय गेला की. येवढं हून बी अक्कल येईना म्हंजे कमाल हाय!" आई खुर्चीत होती. तिनं नुसती मान हलवली, व्हय व्हय म्हणून. आबा, तिची ती मान हलली ना, तिथं माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं, बंदूक उचला आणि चला. ते गेले. मी शटर निम्मं ओढलं आणि आईपुढं उभं राहून सगळं सांगितलं. मांडी, टोपी, न सोडलेला गज, कोपऱ्यातली छत्री, मोडलेला बेचका. ओरडतच सांगितलं.

आईनं काठी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं उगारली. मग म्हणाली, "त्यो फोटू काड." मी काढला. "हितं ठेव. माझ्या म्होरं." मी समोरच्या खुर्चीवर ठेवला. आणि मग माझ्या आईनं, जिनं उभ्या जन्मात तुमचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, तिनं तुम्हाला जे धारेवर धरलं! मुडद्या म्हणाली. भित्र्या म्हणाली. "ह्या असल्या गुडघ्यानं पाय चेपलं तुझं रोज राती, तवा बी वाचा फुटली न्हाय व्हय रं?" अरेतुरे करत होती. काठी आपटत होती. समोरच्या काकूंच्या सुनेनं शटरखालून वाकून बघितलं. दम लागला तेव्हा थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळली. "आन् तू! सव्वीस वर्सं मला तुला माफ करायला लावलंस. त्यास्नी जित्तेपणी चार शिव्या घालायच्या ऱ्हायल्या की गं माझ्या. त्यो हक्क माझा व्हता. त्यो तुमी दोघांनी मिळून खाल्लासा." तुम्ही दोघांनी म्हणाली, आबा. मला तुमच्या शेजारी बसवलं. मला वाटलं होतं, ती मला कुशीत घेईल.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "जाऊ दे. लाव परत भिताडाला. हार नवा आण, त्यो सुकलाय." आणि उठता उठता माझ्या गालावर हात ठेवून, अगदी सहज, "तुला केलेली माफी परत घेतली बघ मी. तुझं काय चुकलंच न्हवतं तर माफी कशाची?" हे ऐकायला मी सव्वीस वर्षं थांबले होते. मला मोकळं वाटायला पाहिजे होतं. मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. तुम्हालाही कधी नाही. त्या छत्रीवरनं आठ दिवस मी तुमच्याशी अबोला धरला होता. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, तुम्ही तर लक्ष देणारच नव्हता. त्या दिवशी मी बाकापाशी कानस चालवत होते आणि माझं लक्ष तुमच्यावरच होतं. गज खुंटीलाच आहे, तुम्ही टोपीच्या डबीत हात घातलाय, हे मी बघितलं. बोटं थरथरत होती म्हणून टोपी दोनदा खाली पडली. म्हणजे मला भरपूर वेळ होता. "आबा, गज" एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. मी गिळलं. मनात म्हटलं, मी का म्हणून आधी बोलू?

हे कागद दसऱ्यानंतर जाळून टाकीन. आईनं ती माफी परत घेतलीय, आबा, आणि मला ती लागणार होती.